रास घातल्यासारखा डोंगर

खळ्यावर ज्वारी उफणताना नीट पाहा. सुपातून दाणे एकाच जागी पडत राहतात आणि खाली रास उभी राहते. ती उंच होते, रुंद होते, पण तिचा उतार बदलत नाही. चढ जास्त झाला की वरचे दाणे घरंगळून खाली येतात. फिलिपिन्समधला मायोन ज्वालामुखी याच हिशेबाने उभा आहे. जगातल्या ज्वालामुखींमध्ये मला त्याच्याइतका देखणा दुसरा वाटत नाही.

लुझॉन बेटाच्या आग्नेय भागात, आल्बाय प्रांतात, समुद्राजवळच्या सपाटीवरून तो थेट २,४६२ मीटर उंच जातो. कुठल्याही बाजूने पाहा, शंकूचा आकार जवळपास तोच. तिथल्या बिकोल भाषेत ‘मागायोन’ म्हणजे सुंदर, आणि त्यावरूनच त्याचं नाव पडलं.

हा शंकू घडला तो एकाच नळीमुळे. आतला शिलारस वर येतो तो माथ्यावरच्या लहानशा विवरातून. कधी स्फोट होऊन राख आणि तापलेले दगड उडतात आणि तोंडाभोवती साचतात, कधी लाव्हा उतरून त्या सैल थराला बांधून टाकतो. माथ्याजवळचा उतार ३५ ते ४० अंशांचा भरतो. सुट्या दगडांचा ढीग साधारण एवढ्याच कोनात उभा राहू शकतो.

इथे लाव्हाच्या दाटपणालाही महत्त्व आहे. सिलिका, म्हणजे वाळूतलं मुख्य द्रव्य, कमी असलेला बेसॉल्ट जातीचा तापलेला लाव्हा काकवीसारखा पसरतो, सिलिका वाढली की लाव्हा आटवलेल्या पाकासारखा घट्ट होतो. मायोनचा लाव्हा या दोन्हींच्या मधल्या जातीचा, त्यामुळे तो फार लांब न जाता उतारावरच थिजतो. आपल्या सह्याद्रीत असा शंकू का नाही, याचं उत्तरही यातच आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे पातळ बेसॉल्ट प्रामुख्याने जमिनीच्या लांबच लांब भेगांतून आला आणि थरावर थर पसरत गेला. पावसाळ्यात घाटातून जाताना कड्यांवर ते आडवे थर दिसतात, धबधबे त्यांच्यावरून पायरी-पायरीने उतरतात. लाव्हा तिथेही आणि इथेही, पण डोंगर किती वेगळे!

जपानचा फुजी उंचीने मायोनच्या पुढे आहे, ३,७७६ मीटर. पण १७०७ साली त्याचा उद्रेक कुशीतून झाला, आणि त्या वेळचं मोठं विवर आग्नेय उतारावर आजही स्पष्ट दिसतं. मायोनचे उद्रेक मात्र माथ्यावरूनच होत आले आहेत.

शिवाय ते सारखे होतात. १६१६ पासूनच्या नोंदींत सुमारे पन्नास उद्रेक आहेत, २०१८ आणि २०२३ चे तर अगदी अलीकडचे. या भागात पाऊस धो धो पडतो, वादळं येतात, पाणी उतारावर खोल घळी पाडतं. ज्वालामुखी शांत झाला असता, तर काही हजार वर्षांत हा शंकू ओरखडून विद्रूप झाला असता. नवी राख आणि नवा लाव्हा त्या घळी भरून काढतात. मायोन देखणा राहिला आहे, कारण तो अजून जळतो आहे.

त्याची किंमत पायथ्याची माणसं मोजतात. १ फेब्रुवारी १८१४ च्या उद्रेकात कागसावा गाव गाडलं गेलं आणि सुमारे बाराशे माणसं मेली. चर्चचा घंटेचा मनोरा तेवढा उरला. काळ्या दगडाचा तो मनोरा, दगडांच्या सांध्यांत उगवलेली झुडपं, आणि मागे आभाळात घुसलेला शंकू. नोव्हेंबर २००६ मध्ये तर उद्रेकही नव्हता. काही महिन्यांपूर्वी साचलेली राख चक्रीवादळाच्या पावसाने सुटली, दगड-चिखलाचे लोंढे गावांत शिरले आणि शेकडो माणसं गेली. अशा लोंढ्याला ‘लाहार’ म्हणतात, हा शब्द जावा बेटावरचा.

आता मायोनचा पायथा पुन्हा पाहा. वरचा उभा चढ खाली येताना हळूहळू पसरट होतो, घेरदार परकरासारखा, आणि भाताच्या खाचरांत मिसळून जातो. डोळ्यांना सगळ्यात सुखावणारी ती खालची वळणदार रेघ लाहारांनी आणून टाकलेल्या गाळाची आहे. त्याच गाळात आज भात पिकतो, नारळ उभे आहेत, आणि केळीच्या कुळातला अबाका वाढतो, ज्याच्या धाग्याचे दोर वळतात.