परदेशी दत्तक: कोर्टाच्या तारखेपासून कलेक्टरच्या सहीपर्यंत

1 सप्टेंबर 2022 पासून दत्तकाचा आदेश न्यायाधीशांऐवजी जिल्हाधिकारी काढतात. विदर्भातल्या शिशुगृहातून परदेशी जाणाऱ्या लेकराची फाईल आता जिल्हा न्यायालयात न जाता कलेक्टर कचेरीत जाते. या बदलामागे कारण सांगितलं गेलं ते उशिराचं: कोर्टात वेळ जातो, लेकरू शिशुगृहातच मोठं होतं. वेळ जात होता हे खरं. तो नेमका कुठे जात होता, हे मात्र जुन्या गोष्टी चाळल्याशिवाय कळत नाही, आणि बदल करणाऱ्यांनी त्या फारशा चाळलेल्या दिसत नाहीत.

दत्तकाला सरकारने मान्यता द्यायची की नाही, हा झगडा आपल्याकडे जुनाच. डिसेंबर 1853 मध्ये नागपूरकर भोसल्यांचा राजा निपुत्रिक वारला, मागाहून घेतलेला दत्तक कंपनी सरकारने मानला नाही आणि 1854 मध्ये राज्यच खालसा झालं. पुढे 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत मध्य प्रांत-वऱ्हाडात मिशनऱ्यांनी पोरक्या मुलांसाठी आश्रम काढले. मुलं जगली, शिकली, पण ख्रिस्ती कुटुंबाला कायदेशीर दत्तक घेण्याची सोयच नव्हती. हिंदूंसाठी 1956 चा कायदा आला. त्याने दत्तहोमाची गरज काढून टाकली; लेकरू प्रत्यक्ष दिलं-घेतलं की पुरे. आपल्या गावांनी हा कायदा आपल्या सोयीने उचलला. भटजी येतो, मांडीवर लेकरू ठेवून ओटी भरली जाते, पेढे वाटले जातात, आणि मग सवडीने तालुक्याला जाऊन दत्तकपत्र नोंदवलं जातं.

परदेशी जोडप्याला या कायद्यात जागा नव्हती. त्यांना 1890 च्या पालक-पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायाधीशाकडून नुसतं पालकत्व मिळे आणि लेकरू देशाबाहेर न्यायची परवानगी. दत्तक व्हायचं ते तिकडे गेल्यावर, तिकडच्या कोर्टात. त्या काळात गेलेली आणि आता पन्नाशीला टेकलेली माणसं मूळ शोधायला परत येतात, तेव्हा हाती लागतो तो पालकत्वाचा आदेश, त्यावर आईच्या नावाच्या जागी रेघ.

या कारभाराला शिस्त लागली ती एका पत्रामुळे. परदेशी दत्तकाच्या नावाखाली मुलांचा व्यापार होतो, अशी तक्रार एका वकिलाने 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला लिहून केली. न्यायालयाने ते पत्रच याचिका मानलं आणि 1984 मध्ये नियमावली घालून दिली. आधी भारतीय पालक, ते न मिळाले तर परदेशी. व्यवहार फक्त मान्यताप्राप्त संस्थांमार्फत. परदेशी कुटुंबाचा गृहभेट अहवाल हवाच, आणि न्यायाधीशाला सल्ला द्यायला वेगळी छाननी संस्था. 1990 मध्ये दत्तकाचा कारभार पाहणारी केंद्रीय यंत्रणा दिल्लीला उभी राहिली. परदेशी दत्तकाबाबतच्या 1993 च्या आंतरराष्ट्रीय हेग कराराला भारताने 2003 मध्ये मान्यता दिली, तेव्हापासून दोन्ही देशांनी एकमेकांना लेखी कळवल्याशिवाय लेकरू हलत नाही. 2000 चा बाल न्याय कायदा आणि त्यातली 2006 ची दुरुस्ती यांनी धर्माची अट नसलेलं दत्तक आणलं. एवढं होऊनही गैरप्रकार थांबले नाहीत. पुण्यातल्या एका संस्थेच्या परदेशी दत्तकांची चौकशी 2010 मध्ये उच्च न्यायालयाने केंद्रीय तपास यंत्रणेकडे सोपवली. त्यानंतर राज्यभरातल्या संस्थांची फाईल जाडजूड झाली, ती आजतागायत. प्रत्येक कागद कुठल्यातरी जुन्या लबाडीचं उत्तर आहे, हे लक्षात ठेवलं तर कागदांचा राग थोडा कमी येतो.

ऑगस्ट 2015 पासून सगळी नोंदणी केंद्रीय ऑनलाइन यादीवर गेली. लेकरू कोणाला दाखवायचं हे संस्थेच्या अधीक्षिकेच्या हाती राहिलं नाही. ते चांगलंच झालं, असं माझं मत आहे. ओळखीपाळखीने बाळ मिळण्याचे दिवस संपले. मात्र वाट पाहण्याचं स्वरूप पालटलं. पूर्वी माणसाला विचारता यायचं, आता क्रमांक बघायचा.

यादीत येण्याआधीचा टप्पा सगळ्यात लांब, आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. बसस्टँडवर, दवाखान्याच्या ओट्यावर किंवा मंदिराच्या आवारात सापडलेलं लेकरू आधी बालकल्याण समितीपुढे जातं. पोलीस पाटलाचा जबाब, ठाण्याची नोंद, आणि वर्तमानपत्रात फोटोसह जाहीर निवेदन. हे निवेदन दोन बोटं रुंद असतं. विहीर अनुदानाच्या निविदा आणि हरवलेल्या सातबाऱ्याच्या नोटिसा यांच्या मधोमध, शाई पसरलेला एक चेहरा, खाली ‘अंगात पिवळे झबले, डाव्या मनगटाला काळा दोरा’. कोणी हक्क सांगायला आलं नाही, की ते कात्रण फाईलला लागतं. दोन वर्षांपर्यंतच्या मुलाला दोन महिन्यांत आणि त्याहून मोठ्याला चार महिन्यांत समितीने दत्तकासाठी मुक्त घोषित करावं, असं कायदा म्हणतो. आईने स्वतः सोपवलेलं असेल तर तिला फेरविचाराला दोन महिने मिळतात, आणि ते मिळायलाच हवेत. पण समितीवरची पदं रिकामी असली, बैठकच भरली नाही किंवा ठाण्याचा अंतिम अहवाल यायचा राहिला, तर हे महिने कायद्यातच राहतात.

मुक्त झालेलं लेकरू आधी भारतीय आणि अनिवासी भारतीय पालकांना दाखवलं जातं. सुदृढ लहान बाळ तिथेच जातं. परदेशी जोडप्यांपर्यंत पोचतात ती बहुतेक मोठी झालेली, भावंडांसह असलेली किंवा उपचारांची गरज असलेली मुलं. 2023-24 मध्ये देशात 4,009 दत्तकं झाली, त्यातली परदेशी 449. म्हणजे ज्या लेकराला इथल्या कोणी नको म्हटलं, त्याची फाईल सगळ्यात जाड आणि त्याची वाट सगळ्यात लांब. गावागावांत ‘फॉरेनले नेऊन किडन्या काढतात’ ही आवई अजून फिरते. ती पसरवणाऱ्यांनी हे आकडे एकदा बघावेत.

आता कलेक्टरचा मुद्दा. बाल न्याय कायद्याच्या 2021 च्या दुरुस्तीने आदेशाचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना दिला, आणि व्याख्येत अप्पर जिल्हाधिकारीही आले. अर्ज आल्यापासून दोन महिन्यांत निर्णय, ही मुदत कोर्टालाही होती. कोर्टाकडून ती नेहमी पाळली जात नव्हती, हे उघड आहे. उन्हाळी सुट्टी, न्यायाधीशांची बदली, वकिलांचा संप, छाननी अहवालात एखादं परिशिष्ट कमी, आणि पुढची तारीख. बाजू घेणारे म्हणतात की जिल्हा बाल संरक्षण कक्ष कलेक्टरच्याच हाताखाली आहे, त्रुटी फोनवर निघते, आणि काही जिल्ह्यांत आदेश खरोखर लवकर निघाले. तेही मान्य.

पण 2022 च्या त्या सप्टेंबरात विदर्भातल्या कलेक्टर कचेऱ्यांत काय चाललं होतं ते आठवून पाहा. जुलैच्या अतिवृष्टीने वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीत शेतं खरडून गेली होती. पंचनामे, याद्या, मदतीचं वाटप, आमदारांचे फोन. त्याच टेबलावर दत्तकाची फाईल ठेवली गेली. 2024 मध्ये विदर्भात लोकसभेचं मतदान 19 आणि 26 एप्रिलला झालं, विधानसभेचं 20 नोव्हेंबरला; जिल्हाधिकारी हेच जिल्हा निवडणूक अधिकारी. न्यायाधीशाला निदान निवडणूक घ्यावी लागत नाही.

दुसरा आक्षेप वजनाचा. दत्तक म्हणजे नातं तोडून नातं जोडणं. वारसा, नाव, नागरिकत्व सगळं त्यावर उभं. उद्या पंचवीस वर्षांनी शेतीच्या वाटणीत कोणी म्हटलं की हा आदेश प्रशासकीय आहे, तर? आदेशाविरुद्ध अपील विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे आपल्याकडे अमरावती किंवा नागपूरला, पुन्हा महसुलाच्याच माणसाकडे. जमिनीच्या फेरफाराचं अपील ज्या वाटेने जातं, साधारण तीच वाट. दत्तक घेणाऱ्या पालकांच्या वतीने हे प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेले. प्रलंबित प्रकरणं कोर्टांकडून काढून कलेक्टरांकडे पाठवण्याची घाई प्रशासनाने केली होती. जानेवारी 2023 मध्ये न्यायालयाने ते हस्तांतर रोखलं आणि जुनी प्रकरणं कोर्टांनीच चालवावीत असं सांगितलं. त्यामुळे काही काळ एकाच जिल्ह्यात दोन वाटा चालू होत्या. ऑगस्टमध्ये दाखल झालेली फाईल न्यायाधीशापुढे, सप्टेंबरमधली कलेक्टरपुढे. स्पेनमधल्या किंवा अमेरिकेतल्या माणसाला हे कसं समजावणार? त्याने अपोस्टिल करून (म्हणजे परदेशात चालावेत म्हणून सरकारी शिक्का मारून) पाठवलेल्या कागदांच्या मुदती मात्र दोन्हीकडे सारख्याच संपत होत्या.

माझ्या मते, सही कोणाची यावर इतका काथ्याकूट झाला की सहीच्या आधीचे महिने तसेच राहिले. बालकल्याण समितीच्या रिकाम्या जागा भरल्या असत्या तर कायदा बदलावा लागला नसता.

नात्यातल्या दत्तकाची गोष्ट आणखी वेगळी. नापिकीत किंवा कर्जात शेतकरी गेला, घरी विधवा आणि दोन-तीन लेकरं, आणि दीर परदेशात नोकरीला, हे चित्र आपल्याला नवं नाही. घरचे ठरवतात की एक लेकरू काकाने न्यावं. ‘घरचंच लेकरू हाये, त्याले कायले कागद?’ 1956 च्या कायद्याने दत्तकपत्र नोंदवलं जातं, फोटो काढले जातात, आणि मग व्हिसाला गाडी अडते, कारण हेग करारातल्या देशाला नुसतं दत्तकपत्र चालत नाही, केंद्राचं ना हरकत पत्र लागतं. ही कोंडी बरीच वर्षं होती. सप्टेंबर 2021 च्या नियमांनी ती अंशतः सोडवली: जिल्हाधिकाऱ्यांनी दत्तकाची पडताळणी करावी, त्यावर केंद्राने ना हरकत द्यावी. कलेक्टर दत्तकाच्या फाईलवर आले ते खरं तर इथून, वर्षभर आधी. या भागात त्यांची पडताळणी योग्यच वाटते; तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील त्यांच्याच यंत्रणेच्या टप्प्यात असतात, आणि आईची संमती मनापासून आहे की सासरच्या दडपणाखाली, हे गावातच कळतं.

या सगळ्या महिन्यांत लेकरू शिशुगृहात असतं आणि मावश्या त्याला सांभाळतात. स्वयंपाकघराच्या भिंतीवर वजनाचा तक्ता असतो, त्याच्या शेजारी श्रावणात चिकटवलेला जिवतीचा कागद. दर श्रावणी शुक्रवारी त्याला हळदकुंकू लागतं, पुरणाचा नैवेद्य होतो. शेगावला कोणी निघालं की लेकराच्या नावाने नारळ जातो. तिकडचं कुटुंब आपल्या चर्चमध्ये प्रार्थना करतं आणि एक अल्बम पाठवतं: घर, आजी-आजोबा, पलंग, कुत्रा. मावशी रोज तो दाखवते. पोर सगळ्यात आधी कुत्र्याचं नाव शिकतं, ‘मम्मी-पप्पा’ नंतर. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवून शिशुगृहाची पोरं शेजारी चार घरं फिरतात, बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळतो. जायचं ठरलेल्या पोराचा बैल त्याच्यासोबत द्यायचा की इथेच ठेवायचा, यावर दरवर्षी मावश्यांची वादावादी होते. श्रद्धा म्हणजे अंधश्रद्धा असं म्हणून याकडे नाक मुरडणारे असतात. पण ‘कधी?’ या प्रश्नाचं उत्तर कोणतंच कार्यालय देत नसेल, तर माणूस नवस बोलणार नाही तर काय करणार? अधीक्षिकाही फोनवर ‘होऊन जाईल, महाराज आहेत’ असंच म्हणतात.

आदेश निघाल्यावरही फाईल मिटत नाही. नव्या आईबापांच्या नावाने जन्मदाखला, नागपूरहून पासपोर्ट, हेग करारानुसार दत्तक झाल्याचं प्रमाणपत्र, मग व्हिसा. जन्मदाखल्याची गाठ अलीकडे आणखी घट्ट झाली आहे, विशेषतः मोठ्या मुलांच्या बाबतीत आणि मेळघाटासारख्या भागात घरी जन्मलेल्यांच्या. एका वर्षानंतरच्या जन्मनोंदीचा अधिकार जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या 2023 च्या दुरुस्तीने न्यायदंडाधिकाऱ्यांकडून महसूल अधिकाऱ्यांकडे आला; बोगस दाखल्यांच्या तक्रारींनंतर 2025 च्या सुरुवातीला राज्याने ही कामं काही काळ थांबवली आणि नंतर कागदपत्रांची तपासणी कडक केली. तक्रारींत अकोला-अमरावतीची नावं होती, त्यामुळे इथल्या तहसीलमध्ये आता उशिराच्या नोंदीच्या अर्जाला कोणी सहजासहजी हात लावत नाही. नात्यातल्या दत्तकासाठी काकाने सुट्टी काढून यावं आणि लेकराची जन्मनोंदच नसावी, असं झालं की कलेक्टरची पडताळणी, केंद्राचं ना हरकत पत्र, सगळं त्या एका दाखल्यामागे रांगेत उभं राहतं. दाखल्याचा अर्ज मात्र ग्रामपंचायतीतूनच सुरू करावा लागतो, तो दिल्लीतून होत नाही.