रत्नागिरी ते चिपी : हवाई अंतर आणि लागणारा वेळ

रत्नागिरी विमानतळ (मिरजोळे) ते सिंधुदुर्ग विमानतळ (चिपी, ता. वेंगुर्ला) हे हवाई अंतर साधारण 115 किमी, म्हंजे 62 सागरी मैल. दोघांच्या मधे नियमित प्रवासी विमान नाहीये, तरी नेटवर हे अंतर टाकलं की उत्तर मिळतंच, कारण कॅल्क्युलेटरला विमान उडतंय की नाही याच्याशी काही घेणंदेणं नसतं, त्याला फक्त दोन्हीकडचे अक्षांश रेखांश लागतात.

हिशोब तसा कागदावरही जमतो. रत्नागिरी साधारण 17 अंश उत्तरेला, चिपी 16 अंशावर, आणि एक अंश अक्षांश म्हणजे 60 सागरी मैल (एक मैल 1.852 किमी) म्हणजे झाले 111 किमी. आपला किनारा खाली जाताना थोडा पूर्वेला सरकतो, चिपी वीसेक किमी आत पूर्वेला पडतं, पण तिरक्या रेषेत त्याने जेमतेम दोनेक किमी वाढतात.

वेळेचा आकडा मात्र जपून घ्यावा. बऱ्याच साइट्स मोठ्या जेटचा ताशी 800 किमी वेग धरतात आणि उड्डाण-लँडिंगसाठी सरसकट अर्धा तास जोडतात, म्हणजे नऊ मिनिटं अधिक तीस. एवढ्याशा अंतरात जेट धड उंचीवरही पोचणार नाही. अशा रूटला एटीआरसारखं पंख्याचं छोटं विमान बरं, त्याचा वेग ताशी 500 च्या आसपास, पण तेही निम्मा वेळ चढण्या-उतरण्यातच घालवणार, त्यामुळे दार बंद झाल्यापासून उघडेपर्यंत अर्धा-पाऊण तास धरा.

रस्त्याने हेच अंतर पावणेदोनशे किमीच्या घरात जातं. हातखंबा, लांजा, राजापूर, कणकवली करत कुडाळला यायचं आणि तिथून परत समुद्राकडे वळायचं, चार तास सहज. सरळ रेषेच्या वाटेत मुचकुंदी, जैतापूर, वाघोटण, आचरा, कर्ली अशा खाड्या येतात, विमानाला त्या दिसल्या न दिसल्यासारख्या पण गाडीला हायवेपर्यंत आत जाऊन वळसा. रेल्वेने कुडाळ अडीच-तीन तास, पुढे रिक्षा शोधा.

दोन्ही धावपट्ट्या जांभ्या दगडाच्या सड्यावर आहेत, कोकणात सपाट मोकळी जागा म्हणजे सडाच. रत्नागिरीत तटरक्षक दलाचा हवाई तळ आहे. चिपी 9 ऑक्टोबर 2021 ला सुरू झालं, धावपट्टी 2500 मीटर, पहिलं विमान मुंबईचं. पावसाळ्यात ढग सड्यावरच टेकतात, मग अर्ध्या तासाच्या गणिताला अर्थ नाही, विमान वर घिरट्या घालणार नाहीतर दुसरीकडे जाणार. गोव्याचं मोपा विमानतळ चिपीपासून सरळ रेषेत पन्नास किमीही नाही, पण तिथे उतरलात तर बॅगा घेऊन परत रस्त्यानेच यायचं.