सायकलस्वाराच्या कानातील वाऱ्याचा आवाज

सायकल चालवताना समोरून येणारी हवा डोके आणि कान यांच्या कडांवर फुटते, तिच्यात भोवरे पडतात आणि त्यांच्या दाबातील चढउतार कानाच्या पडद्याला घोंघावण्यासारखे ऐकू येतात. ताशी १५ किमीच्या आसपास हा आवाज जाणवू लागतो, २५च्या पुढे शेजारच्या सोबत्याचे बोलणे त्यात बुडते आणि घाट उतरताना दुसरे काही ऐकूच येत नाही. तो कमी करण्याचे बहुतेक उपाय स्वस्त आणि साधे आहेत. मात्र त्यांचा हेतू कान बंद करणे हा नाही, मागून येणारी गाडी ऐकू यावी हा आहे. कोणता उपाय चांगला आणि कोणता घातक, हे याच कसोटीवर ठरते.

हा आवाज दुरून कानाकडे येत नाही, कानापाशीच जन्मतो. हवा गालाच्या हाडावरून वाहत येते आणि कानशिलाजवळ चेहरा जिथे मागे वळतो, तिथे त्वचेपासून सुटते. सुटलेला थर गुळगुळीत राहत नाही. त्यातले भोवरे कानाच्या भोकापुढच्या छोट्या कूर्चेवर आणि मागच्या पसरट पाळीवर आदळतात. दाबातला हा बदल आणि खरा ध्वनी यांत पडदा भेद करत नाही. आवाजाचा मोठा भाग काहीशे हर्ट्झच्या खालचा, म्हणजे खर्जातला असतो. मान थोडी तिरकी केली की भोवरे सुटण्याची जागा बदलते आणि एका कानातली भणभण एकदम उतरते. हा प्रयोग प्रत्येक सायकलस्वाराने कळत-नकळत केलेला असतो.

कानाशी एवढा गोंगाट का होतो, हे दाबाच्या हिशेबातून स्पष्ट होते. ताशी २५ किमी वेगाने येणाऱ्या हवेचा गतिज दाब, म्हणजे वेगामुळे पडणारा दाब, सुमारे २९ पास्कल असतो. ध्वनीच्या मोजमापात १ पास्कल म्हणजे ९४ डेसिबल. त्या दाबाचा जेमतेम तिसावा हिस्सा जरी खालीवर होत राहिला, तरी तेवढा आवाज कानाशी भरतो. वेग दुप्पट झाला की गतिज दाब चौपट होतो आणि आवाज निदान १२ डेसिबलने चढतो. इथे मोजायचा तो हवेच्या तुलनेतला वेग, सायकलच्या मीटरवर दिसणारा नव्हे. ताशी २५ किमीने जाणाऱ्याला १५चा समोरचा वारा असेल तर कानाला ४० किमीचा मारा बसतो, तोच वारा पाठीशी असेल तर फक्त १० किमीचा. सपाट रस्त्यावर जाताना कान शांत आणि त्याच रस्त्याने परतताना डोके उठते, याचे कारण एवढेच.

अमेरिकेत डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयातील कान-नाक-घसा तज्ज्ञांनी वातबोगद्यात, म्हणजे हवेचा झोत सोडून चाचणी घेण्याच्या बोगद्यात, कानाशी मायक्रोफोन बसवून मोजमाप केले. ताशी १० मैल म्हणजे १६ किमी वेगाला सुमारे ८५ डेसिबल आणि ताशी ६० मैलांना सुमारे १२० डेसिबल अशी नोंद झाली. हे आकडे पुढे बातम्यांतून फिरले आणि सायकल चालवल्याने बहिरेपण येते की काय, अशी शंका निघाली. ती घेताना थोडा सबुरीने विचार करावा लागतो. कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही जी मर्यादा अमेरिकेत शिफारस केली जाते, ती खर्जातल्या आवाजाला कमी वजन देणाऱ्या मोजपट्टीवरची असते. त्या पट्टीवर १०० हर्ट्झचा आवाज १९ डेसिबलने कमी धरला जातो. वाऱ्याचा आवाज नेमका त्याच टापूतला असल्याने दोन आकडे शेजारी ठेवून थेट निष्कर्ष काढणे बरोबर नाही. तरीही त्या शिफारशीनुसार दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्म्यावर येते, ही गोष्ट लांब पल्ल्याच्या स्वारांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुणे, मुंबई, नाशिककडची मंडळी ज्या ब्रेव्हे राइड, म्हणजे ठरल्या मुदतीत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या, करतात, त्यांत २०० किमीला साडेतेरा तास आणि ६०० किमीला ४० तासांची मुदत असते. एवढा वेळ कानाशी घोंगावणे चालू राहिले की ऐकण्याचे नुकसान होवो न होवो, डोके मात्र नक्कीच शिणते.

रस्त्यावर याहून मोठा धोका आहे तो दुसरे आवाज झाकले जाण्याचा. खर्जातला मोठा आवाज आपल्यापेक्षा वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजांनाही गिळतो, हे श्रवणशास्त्रात चांगले ठाऊक आहे. त्यामुळे टायरची सळसळ, मागच्या सायकलीच्या साखळीचा किरकिराट, एसटीच्या इंजिनाचा बदललेला सूर हे सगळे वाऱ्याखाली गाडले जाते. विजेच्या गाड्या मुळातच कमी आवाज करतात, त्यांची चाहूल तर फारच उशिरा लागते. वाऱ्याचा आवाज थोडा जरी उतरला तरी रस्ता कितीतरी पटींनी ‘उघडा’ वाटतो, तो यामुळे.

भोवरे वाढवण्यात हेल्मेटच्या पट्ट्याचा हात मोठा असतो, आणि त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. पॅरिस–नीस शर्यतीत आंद्रेई किविलेव याचा पडून मृत्यू झाल्यावर २००३ मध्ये ‘यूसीआय’ या आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने व्यावसायिक शर्यतींत हेल्मेट सक्तीचे केले. तोवर कापडी टोपीवर किंवा उघड्या डोक्याने धावणाऱ्या अनेकांच्या कानापुढे आता कायमचे दोन पट्टे आले. वाऱ्यात आडव्या आलेल्या तारेचा सूर वेगावर आणि जाडीवर ठरतो, हे चेक भौतिकशास्त्रज्ञ चेनेक स्ट्रोहाल यांनी १८७८ मध्ये दाखवले होते. वेगाला जाडीने भागून साधारण ०.२ ने गुणले की सुराची कंपनसंख्या मिळते. सेकंदाला ८ मीटर, म्हणजे ताशी जवळपास २९ किमी वेगाला, पट्ट्याची २ मिलिमीटरची कड वाऱ्याकडे असेल तर उत्तर येते ८०० हर्ट्झ, अगदी माणसाच्या बोलण्याच्या टापूत. तोच पट्टा पिळून त्याची १५ मिलिमीटरची रुंद बाजू वाऱ्यापुढे आली तर सूर १०० हर्ट्झच्या आसपास उतरतो, पण अडथळा वाढतो. सैल पट्टा असेल तर फडफड वेगळीच. म्हणून पैसे खर्च करण्याआधी पट्टा गालाला सपाट चिकटतो का, त्याला पीळ पडलेला नाही ना, दोन पट्टे जिथे मिळतात ते बक्कल कानाच्या पाळीच्या जरा खाली येते का आणि हनुवटीखालचे लोंबते टोक बांधलेले आहे का, हे पाहावे. चष्म्याची रुंद काडीही असाच उपद्रव करते. बारीक काडीचा चष्मा घालून पाहिला की फरक लगेच कळतो.

यापुढचा उपाय म्हणजे कानाच्या पुढच्या पट्ट्याला लोकरीसारखे, केसाळ कापड गुंडाळणे. बाहेर चित्रीकरण करणारे मायक्रोफोनवर केसाळ टोपडे चढवतात, त्यामागचे तत्त्व हेच: केसांच्या जंगलात हवा शिरून मंदावते, मोठे भोवरे बारीक होतात आणि कानापर्यंत पोचण्याआधी विरतात. या तत्त्वावरची ‘कॅट-इअर्स’, ‘विंड-ब्लॉक्स’ अशी तयार आवरणे मिळतात. घरी करायचे तर जुन्या फ्लीसच्या जॅकेटमधून बोटभर लांबीची पट्टी कापून वेल्क्रोने पट्ट्याभोवती बसवली तरी काम भागते. सगळी मेख जागेत आहे. आवरण कानाच्या भोकाच्या किंचित पुढे, गालाला टेकून असले पाहिजे. गाल आणि कापड यांत फट राहिली की तिथून हवा शिटी वाजवत घुसते आणि आवाज कमी होण्याऐवजी वाढतो. दाढी-कल्ले राखणाऱ्यांना याचा थोडा फायदा फुकटात मिळतो.

कान पूर्ण झाकणारी पातळ पट्टी, मफलर, कानटोपी हेही वारा अडवतात. हिवाळ्याच्या पहाटे दूध घेऊन निघालेला माणूस कानाला मफलर गुंडाळतो तो थंडीसाठी, पुण्यात दुचाकीवरच्या मुली स्कार्फ बांधतात तो ऊन आणि धुळीसाठी, पण दोघांच्याही कानातली भणभण कमी होते. जाड कापडाने मात्र वरच्या पट्टीतले आवाज दबतात. एप्रिल-मेच्या उकाड्यात तर हा उपाय कोणी सुचवला तरी चालणारा नाही.

कानात घालायच्या फोमच्या बोळ्यांबद्दल मतभेद आहेत. ते वाऱ्याबरोबर हॉर्नही दाबतात, म्हणून गर्दीच्या रस्त्यावर ते घालू नयेत हे बरे. कानात खुपसायच्या इअरफोनचीही तीच गत. फ्रान्समध्ये १ जुलै २०१५ पासून सायकल चालवताना इअरफोन लावायला बंदी आहे. आवाज रद्द करणाऱ्या इअरफोनचे बाहेरचे मायक्रोफोन स्वतःच वाऱ्याने गडबडतात आणि कधी कधी जास्तच घरघर कानात ओततात. हाडावाटे ऐकवणारे हेडफोन कान उघडे ठेवतात हे खरे, पण वारा तसाच राहतो आणि गाणे ऐकू यावे म्हणून माणूस आवाज वाढवत नेतो.

कान झाकणारी निमुळती हेल्मेटे वैयक्तिक वेळशर्यतीत, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावण्याच्या शर्यतीत, वापरली जातात. आत वारा फारसा शिरत नाही, पण गाडी कुठून येते आहे हेही कळत नाही. एकत्र धावण्याच्या शर्यतींत अशी हेल्मेटे शिरू लागल्यावर यूसीआयने २०२६ पासून त्या शर्यतींत कान झाकणाऱ्या हेल्मेटना मनाई केली. रोजच्या स्वारासाठी तर हा प्रकार नाहीच.

फ्लीसच्या पट्ट्यांना घाम लागतो, म्हणून त्या आठवड्यातून एकदा तरी धुवाव्या लागतात. पावसात भिजल्या की केस चिकटून सपाट होतात आणि मग त्यांचा काडीचाही उपयोग राहत नाही.