आरआयएमसी नाहीतर सैनिक स्कूलचा फॉर्म भरायचाय? अभ्यासाच्या आधी लेकराचे कागद काढा

दिवाळीच्या आसपास मला दरवर्षी दोन-चार फोन ठरलेले असतात. "भाऊ, सैनिक स्कूलचा फॉर्म निघालाय म्हणं, लेकराचा भरायचाय, काय काय लागतं?" मी आधी जन्मतारीख विचारतो आणि समोरून उत्तर येतं, "कोणती, शाळेतली का खरी?"

बस, इथंच अर्धा विषय संपतो. आपल्याकडं पोरं अभ्यासात कमी पडतात असं नाही, पण फॉर्मची खिडकी चार-सहा आठवडे उघडी असते आणि कागद काढायला तीन-तीन महिने जातात, त्यात तारीख निघून जाते. माझ्या भाच्याचं हेच झालं. जन्म दाखल्यावर १० जुलै, शाळेच्या रजिस्टरला १० जून, कारण पहिलीत घालताना कुणीतरी अंदाजानं सांगितलं आणि गुरुजींनी लिहून घेतलं. पाच वर्षं कुणाचं काही अडलं नाही, आरआयएमसीचा फॉर्म हातात आल्यावर अडलं.

आता ही आरआयएमसी काय भानगड आहे ते सांगतो. राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेज, डेहराडून. नाव कॉलेज असलं तरी ती शाळाच आहे, आठवी ते बारावी, १९२२ साली इंग्रजांनी काढलेली, तिथली पोरं पुढं एनडीएला, म्हणजे सैन्याचे अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीत जातात. जनरल थिमय्या तिथलेच, अलीकडचे एअर चीफ मार्शल धनोआ पण तिथलेच. अख्ख्या देशातून एका टर्मला साधारण २५ पोरं घेतात, तेही राज्यवार, म्हणजे महाराष्ट्राच्या वाट्याला बोटावर मोजण्याइतक्याच जागा. २०२२ पासून मुलींनाही घ्यायला लागलेत, तेव्हा "आमची तर पोरगी आहे" म्हणून फोन ठेवू नका.

प्रवेश वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै, आणि त्याची परीक्षा आदल्या जूनला आणि डिसेंबरला. प्रवेशाच्या महिन्याच्या १ तारखेला लेकरू साडेअकरा वर्षांच्या खाली नको आणि तेरा पूर्ण झालेलं नको. उदाहरण घ्या, जानेवारी २०२७ च्या टर्मसाठी जन्म २ जानेवारी २०१४ ते १ जुलै २०१५ च्या मधला पाहिजे. एक दिवस इकडं-तिकडं झाला तरी चालत नाही, ओळख-बिळख काही कामाला येत नाही. शिवाय लेकरू सातवीत असावं नाहीतर सातवी पास. हिशोब केला तर एका लेकराला साधारण तीन टर्म मिळतात, म्हणजे तीन चान्स. भाच्याचा पहिला चान्स त्या जून-जुलैच्या घोळात गेला.

पेपर तीन. इंग्रजी १२५ मार्कांचा दोन तास, गणित २०० चा दीड तास, सामान्य ज्ञान ७५ चा एक तास. हे गोल काळे करायचे पेपर नाहीत, लिहायचे आहेत, इंग्रजीत निबंध, पत्र सगळं आलं. गणित आणि सामान्य ज्ञान हिंदीत नाहीतर इंग्रजीत लिहिता येतं, मराठीत नाही, आणि झेडपीच्या मराठी शाळेतल्या लेकरासाठी खरी भिंत हीच आहे, बाकी गणितात आपली पोरं कुणाला ऐकत नाहीत. प्रत्येक पेपरला ५० टक्के लागतातच. लेखी पास झालेल्यांनाच तोंडी परीक्षेला बोलावतात, ती ५० मार्कांची, तिथंही निम्मे पाहिजेत. महाराष्ट्राचं सेंटर पुणे, म्हणजे नांदेड-परभणीवाल्यांनी आदल्या रात्री ट्रॅव्हल्सनं निघून सकाळी पेपरला बसवायचं नाही, एक दिवस आधी जाऊन लेकराला नीट झोपू द्या.

फॉर्मची पद्धत जुन्या वळणाची आहे आणि लोक इथंच चुकतात. फॉर्म ऑनलाइन भरता येत नाही, डाउनलोड करूनही चालत नाही. आरआयएमसीच्या वेबसाइटवर पैसे भरायचे किंवा डीडी पाठवायचा (जनरलला ६०० रुपये, एससी-एसटीला ५५५, त्यासाठी जातीचा दाखला जोडायचा), मग ते स्पीड पोस्टानं माहितीपत्रक, फॉर्म आणि जुन्या प्रश्नपत्रिकांचं पुस्तक पाठवतात. फॉर्मवर कॉलेजचा होलोग्राम असतो, होलोग्राम नसलेला फॉर्म घेतच नाहीत, त्यामुळं शेजारच्याच्या फॉर्मची झेरॉक्स मारून भरायच्या भानगडीत पडू नका. पत्ता लिहिताना पिनकोड आणि चालू मोबाइल नंबर टाका, वाडी-तांड्यावर राहत असाल तर तालुक्याच्या गावातल्या पाहुण्याचा पत्ता दिलेला बरा. आणि भरलेला फॉर्म परत डेहराडूनला पाठवायचा नाही बरं का, तो जातो पुण्याला महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेकडं, दोन प्रतींत, शेवटच्या तारखेच्या आत पोचला पाहिजे. नुसता पोस्टात टाकून उपयोग नाही, पोचला पाहिजे.

सोबत लागतं ते असं: जन्म दाखला, डोमिसाइल (राज्याचे रहिवासी असल्याचा दाखला), एससी-एसटी असाल तर जातीचा दाखला, आधारची झेरॉक्स, फोटो, आणि शाळेचं बोनाफाईड, ओरिजनल, लेकराचा फोटो लावलेलं, त्यावर मुख्याध्यापकांची सही-शिक्का, जन्मतारीख आणि कोणत्या वर्गात आहे ते. दिसायला सहा कागद, पण सहाच्या सहावर नाव, बापाचं नाव आणि तारीख अक्षरन् अक्षर एकच पाहिजे. भाच्याच्या आधारवर बापाचं नाव "ज्ञानोबा", जन्म दाखल्यावर "ज्ञानदेव". गावात दोन्ही नावं चालतात, माणूस एकच. आधी आधार दुरुस्त केलं, मग शाळेची तारीख दुरुस्त करायला अर्ज, त्याला जन्म दाखला जोडला, तो अर्ज वरच्या ऑफिसला गेला, तिथून एक शंका लागून परत आला. तोवर फॉर्मची तारीख गेली. ताई माझी बोलली काही नाही, फाईल कपाटात ठेवली आणि भाकरी थापायला बसली.

डोमिसाइलचं पण सांगतो. सेतूवर किंवा आपले सरकारवरून अर्ज करायचा, कागदावर मुदत १५ दिवसांची आहे, पण सर्व्हर डाऊन, तहसीलदार साहेब दौऱ्यावर, निवडणुकीचं काम असं करत महिना-दीड महिना धरूनच चला. लेकरू अज्ञान असल्यामुळं बापाचा राहण्याचा पुरावा बघतात, बापाची टीसी, रेशनकार्ड, तलाठ्याचा रहिवासी दाखला हे आधीच काढून ठेवा. लेकरू पाचवीत असतानाच डोमिसाइल काढून टाकायचं, ते काय शिळं होत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी एक वेगळी गोष्ट. लेकरू जन्मलं कारखान्याच्या तळावर, सांगली-कोल्हापूरकडं नाहीतर कर्नाटकात, आणि नोंद असली तर तिथल्या दवाखान्याच्या गावात असते. आपल्या ग्रामपंचायतीत शोधून सापडणार नाही. आईला विचारा कोणत्या टोळीसोबत कोणत्या कारखान्याला होता, दवाखाना कोणता, त्या गावातून दाखला काढा. नोंदच नसेल तर जन्माला वर्ष उलटल्यावर प्रांत ऑफिसचा आदेश लागतो, त्याला लई वेळ लागतो, म्हणून परीक्षेचा विचार नंतर, आधी हे काम.

सैनिक स्कूलचं सोपं आहे, निदान फॉर्म तरी ऑनलाइन आहे. साताऱ्याची शाळा १९६१ ची, देशातली पहिली, आणि चंद्रपूरची २०१९ ला सुरू झाली. परीक्षा एनटीए, म्हणजे केंद्राची परीक्षा घेणारी संस्था घेते. सहावीसाठी ३१ मार्चला वय १० ते १२, नववीसाठी १३ ते १५. सहावीचा पेपर मराठीत देता येतो, हे झेडपीच्या लेकरांना कुणी सांगतच नाही. १२५ प्रश्न, ३०० मार्क, अडीच तास, त्यात एकट्या गणिताचे १५०, चुकलेल्याला मार्क कापत नाहीत, तेव्हा एकही गोल रिकामा ठेवायचा नाही. नववीचा पेपर मात्र फक्त इंग्रजीत. ६७ टक्के जागा त्या राज्याच्या लेकरांना असतात म्हणून इथंही डोमिसाइल आलंच.

जातीच्या दाखल्यात मात्र सैनिक स्कूलला भलतीच गफलत होते. हे केंद्राचं काम आहे, तिथं एससी, एसटी आणि ओबीसी नॉन क्रिमीलेयर एवढंच चालतं. आपल्याकडचं एनटी, व्हीजे, एसबीसी तिथं नाही. वंजारी, धनगर, बंजारा पालकांनी केंद्राच्या ओबीसी यादीत आपली जात बघायची आणि दाखला केंद्राच्या नमुन्यात काढायचा, राज्याचा नमुना चालत नाही. मराठा समाजाचा एसईबीसी दाखला पण इथं कामाचा नाही, तो राज्यापुरता. ज्यांच्या निजामकाळातल्या कुणबी नोंदी सापडल्या आणि दाखला निघाला त्यांना ओबीसीतून भरता येतं. पण नोंद सापडली म्हणजे दाखला नव्हे, हातात सही-शिक्क्याचा कागद असेल तरच ओबीसीवर टिक करा.

लेखी झाली की मेडिकल. नंबर लागलेली पोरं इथं गळतात, डोळे, रंगांधळेपणा, कानातला मळ, किडके दात, गुडघे एकमेकांना टेकणं, सपाट तळवे. कान-दात तर आधीच गावच्या डॉक्टरकडं नेऊन नीट करता येतात, शे-पाचशेचं काम आहे.

पैशाचं म्हणाल तर दोन्हीकडं वर्षाचा खर्च लाखाच्या पुढं जातो, स्कॉलरशिपा आहेत पण त्या पदरात पडेपर्यंत पहिली फी खिशातून भरायची तयारी ठेवा. डेहराडूनच्या बड्या प्रायव्हेट शाळांच्या तुलनेत हे काहीच नाही, तिथं दहा लाखाच्या वर गोष्टी चालतात. फुकटात पाहिजे असेल तर नवोदय आहे आणि नवोदयला कमी लेखणाऱ्यांचा मला राग येतो. गढी, शंकरनगर, तुळजापूर, कन्नड, आपल्या मराठवाड्यात दारातच शाळा आहेत. जिल्ह्याला ८० जागा, ७५ टक्के ग्रामीण लेकरांना, परीक्षा मराठीत. मोठी अट ही की लेकरू त्याच जिल्ह्यात पाचवीला असावं, आणि चान्स जन्मात एकच.

एक गोष्ट कुणी विचारत नाही म्हणून सांगतो, लेकराला जायचंय का? अकरा-बारा वर्षांचं लेकरू सचखंड एक्सप्रेसमध्ये बसून दिल्ली, तिथून पुढं डेहराडून, मोबाइल जवळ नाही, आजूबाजूला मराठीचा शब्द नाही, पहाटे पळायचं आणि रात्री बूट चमकवायचे. काहींना ते मानवतं, काही आतल्या आत कोमेजतात. आधी पंधरा दिवस मामाच्या गावी एकटं ठेवून बघा. आणि कुणी "मॅनेजमेंट कोट्यातून आरआयएमसी करून देतो" म्हणला तर चहा पाजून वाटेला लावा, असला कोटाच तिथं नाही.

भाच्यानं पुढचे दोन्ही चान्स दिले, गणितात उडी चांगली होती, इंग्रजीच्या निबंधानं दोन्ही वेळा घात केला. आता नववीत आहे. दहावीनंतर संभाजीनगरच्या एसपीआयचा (सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट) फॉर्म भरायचा म्हणतोय, १९७७ पासून चालू आहे ती संस्था, अकरावी-बारावी आणि एनडीएची तयारी, मुलांसाठी, राहणं-खाणं सरकारचं. पोरींसाठी तशीच नाशिकला २०२३ ला निघाली. तिथंही पहिली अट महाराष्ट्राचं डोमिसाइल. परवा ताईनं कपाटातली तीच फाईल काढून दाखवली, सगळ्या कागदांवर एकच नाव, एकच तारीख, १० जुलै.