पाण्याचं विरजण

२०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड-किरकटवाडी-धायरीकडे, जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर घाला घालून हातपाय लुळे पाडणारा आजार) रुग्ण सापडू लागले आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच विषय उरला: टाकीतलं पाणी. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा या आजाराला निमित्त ठरू शकणारा जिवाणू मिळाला होता. तो घरी शोधणं सोडाच, साध्या प्रयोगशाळेलाही जड जातो. ऑक्सिजन जास्त झाला तर त्याला सोसत नाही, अजिबात नसला तरी चालत नाही, वर ४२ अंशांची ऊब लागते. कोंबडीच्या पोटात राहायची सवय, दुसरं काय!

म्हणून स्वस्त चाचण्या जिवाणूचं नाव विचारतच नाहीत. या पाण्याला मैल्याचा स्पर्श झालाय का, एवढंच विचारतात.

त्यातली सगळ्यात साधी म्हणजे एच-टू-एस बाटली. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी ती १९८२मध्ये मांडली. छोट्या निर्जंतुक बाटलीत कागदाचा तपकिरी कपटा असतो. त्यात जिवाणूंचं खाद्य पेप्टोन, गंधक असलेलं सोडियम थायोसल्फेट आणि लोहाचा एक क्षार जिरवलेला असतो. खुणेपर्यंत, साधारण २० मिली पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि थांबायचं. मैल्यातले सिट्रोबॅक्टर, साल्मोनेलासारखे जिवाणू थायोसल्फेटमधून हायड्रोजन सल्फाइड, म्हणजेच एच-टू-एस, बनवतात. सडक्या अंड्याचा वास येतो तोच हा वायू. लोहाशी गाठ पडली की त्याचं काळं फेरस सल्फाइड होतं. अंडं जास्त उकडलं की पिवळ्या बलकाभोवती हिरवट-काळी कडी येते ना, तेच हे.

अडचण उबेची. जिवाणू वाढायला ३० ते ३७ अंश लागतात आणि पुण्यातल्या जानेवारीच्या रात्री धड दहीही लागत नाही. मी दह्याचाच उपाय केला: बाटल्या जाड फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात खुपसल्या. (घरच्यांना आधी सांगितलं नव्हतं, ही माझी चूक.)

ही बाटली खोटंही बोलते. ज्या बोअरच्या पाण्यात मुळातच सल्फाइड असतं, तिथे ती उगाच काळी पडते. काळी नाही पडली म्हणून विषाणू नाहीत असंही नव्हे. शिवाय भारतीय मानकानुसार १०० मिली पिण्याच्या पाण्यात एकही ई. कोलाय (मैल्याची खूण सांगणारा आतड्यातला जिवाणू) सापडता कामा नये. बाटलीत आपण तपासतो ते पाणी त्या १०० मिलीच्या जेमतेम पाचवा हिस्सा. निर्वाळा प्रयोगशाळेचाच.

तरी मला ती आवडते, कारण स्वस्त असल्यामुळे एकाच दिवशी चार ठिकाणचं पाणी भरता येतं. मी चारच बाटल्या आणल्या होत्या: महापालिकेची लाइन आत येते तिथली, जमिनीखालच्या टाकीतली, गच्चीवरच्या टाकीतली आणि आमच्या स्वयंपाकघरातली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिली फिकट पिवळसर, बाकीच्या तिन्ही शाईसारख्या काळ्या.

म्हणजे घाण बाहेरून येत नव्हती. सेक्रेटरींनी प्लंबरला बोलावलं. खालच्या टाकीच्या भिंतीला लागूनच ड्रेनेजचं चेंबर होतं आणि त्या बाजूचा गिलावा हाताने निघत होता.

काळ्या बाटल्यांत आता जिवाणूंचं पीक होतं. त्यांत ब्लीचिंग पावडरचं दाट पाणी ओतून तासभर ठेवलं आणि मग ते संडासात ओतलं. तांदळाचा डबा मलाच घासावा लागला.