गेज गॅस मोजत नाही

उन्हाळा तोंडावर आला की गाडीच्या एसीत गॅस 'टॉप-अप' करून घ्यायची रीत आपल्याकडे पडली आहे. पण हा गॅस जळून संपत नाही, बंद नळ्यांतून तोच फिरत राहतो. होजच्या रबरातून वर्षाकाठी थोडासा झिरपतो, तेवढे सोडले तर कमी पडलेला गॅस गळलेलाच असतो. ओ-रिंग, कॉम्प्रेसरचा शाफ्ट सील, खडा लागलेला कंडेन्सर किंवा सर्व्हिस पोर्टची पिन, यांपैकी काहीतरी सापडतेच.

गळती न शोधता भरलेला गॅस शेवटी हवेतच जातो. आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए असतो. तो ओझोनला धक्का लावत नाही, म्हणून तर ओझोनला मारक ठरलेल्या जुन्या आर-१२ गॅसच्या जागी आला. पण शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याचा एक किलो साधारण १४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी तापमानवाढ करतो. लहान गाडीतले ४५० ग्रॅम सुटले, तर सुमारे २८० लिटर पेट्रोल जाळल्यासारखे झाले. अमेरिकेत तो जाणूनबुजून हवेत सोडायला नोव्हेंबर १९९५ पासून बंदी आहे, आणि पैसे घेऊन गाडीचा एसी उघडणाऱ्याला प्रमाणपत्र व मान्यताप्राप्त रिकव्हरी मशीन (गॅस ओढून सिलिंडरमध्ये साठवणारे यंत्र) लागते.

'गेज (दाब दाखवणारा काटा) बघून भरतो' हे मेकॅनिकचे म्हणणे मात्र विज्ञानात बसत नाही. बंद एसीत द्रव आणि वाफ एकत्र असतात, आणि द्रव शिल्लक आहे तोवर दाब फक्त तापमानावर ठरतो. ३० अंशांना साधारण ९७ पीएसआय (दाबाचे एकक), ३५ ला ११४. आत ४५० ग्रॅम असोत वा २५०, काटा तिथेच. एसी चालू असतानाचा दाबही बाहेरची हवा, इंजिनचे फेरे आणि कंडेन्सरवरची धूळ यांनुसार हलतो. त्यामुळे सगळा गॅस काढून वजन करायचे आणि बॉनेटखालच्या लेबलवरचे ग्रॅम तोलून भरायचे, दुसरी वाट नाही.

गॅस काढताना हाच नियम पुन्हा फसवतो. मशीन वाफ ओढते, दाब घसरतो, उरलेला द्रव उकळू लागतो. उकळायला लागणारी उष्णता तो स्वतःतूनच घेतो, म्हणून ड्रायरची (ओलावा शोषणारी) बाटली गार पडते, कधी तिच्यावर हिम धरते. गार द्रवाचा दाब कमी, त्यामुळे काटा शून्यावर येतो आणि घाईतला मेकॅनिक होज सोडतो. पाच मिनिटे थांबले तर काटा पुन्हा चढतो, कारण तेलात विरघळलेला गॅसही हळूहळू सुटत असतो. म्हणून आधी इंजिन गरम करून एसी दहा मिनिटे चालवावा, आणि काटा चढणे थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा ओढावे. गॅसबरोबर आलेले तेल मापून तेवढेच नवे घालावे.

मग किमान अर्धा तास व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून काढणे. ३० अंशांना पाणी उकळायला दाब ३२ मिलिमीटर पाऱ्याखाली जावा लागतो, तरच आतला ओलावा निघतो. व्हॅक्यूम टिकला म्हणून गळती नाही असे समजू नये. तिथे फरक फार तर एका वातावरणाचा, तर चालू एसीत हाय साइडला (जास्त दाबाच्या बाजूला) २०० पीएसआयच्या वर. बारीक गळतीसाठी कोरडा नायट्रोजन भरावा, गॅरेजमधल्या हवेच्या कॉम्प्रेसरची हवा कधीच नाही.

'जास्त कूलिंग' म्हणून खपवल्या जाणाऱ्या स्वस्त डब्यांत प्रोपेन-आयसोब्युटेनचे ज्वालाग्राही मिश्रण असू शकते. ते एकदा मशीनमध्ये शिरले की रिकव्हरी सिलिंडरमधला सगळा साठा बिघडतो. हा सिलिंडर ८० टक्क्यांपलीकडे भरू नये, उन्हात द्रव फुगायला जागा लागते.

मॉन्ट्रियल या ओझोन-रक्षणाच्या कराराच्या किगाली दुरुस्तीप्रमाणे भारतात आर-१३४ए ज्यात येतो त्या एचएफसी गटातल्या वायूंचा वापर २०२८ ला गोठेल आणि २०३२ मध्ये १० टक्क्यांनी घटेल. काढलेला शुद्ध आर-१३४ए गाळून, ओलावा काढून त्याच गाडीत परत भरता येतो.