मसल कार, आधुनिक : अंतर्भाग व आराम

मोठ्या इंजिनाच्या, दोन दारांच्या अमेरिकी गाड्यांमधील बैठक, जागा, साहित्य व प्रवासातील आराम यांची पारख. ‘आधुनिक’ म्हणजे येथे साधारणपणे २००५ नंतरची फोर्ड मस्टँग, २००८ ची डॉज चॅलेंजर व २०१० ची शेव्हरोले कॅमॅरो आणि त्यांच्या पुढील आवृत्त्या. मस्टँगला ‘पोनी कार’च (आकाराने लहान, स्पोर्टी धाटणीची गाडी) म्हणावे असा काही अभ्यासकांचा आग्रह असतो, पारखीचे निकष त्याने बदलत नाहीत.

पहिली मसल कार कोणती, यावर एकमत नाही. काही जण १९४९ ची ओल्डस्मोबिल रॉकेट ८८, तर काही १९५५ ची क्रायस्लर सी-३०० पुढे करतात. बहुतेकांचा कल १९६४ च्या पाँटिॲक जीटीओकडे आहे आणि तो अधिक ग्राह्य वाटतो, कारण मध्यम आकाराच्या, आवाक्यातल्या गाडीत ३८९ घन इंचांचे (सु. ६.४ लि.) व्ही-८ (‘व्ही’ आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरांचे) इंजिन बसवण्याचा साचा तिनेच रूढ केला. हा वाद निव्वळ वंशावळीचा नाही. सी-३०० ला आतून चामड्याची बैठक होती. तिला मूळ मानले तर ऐषआराम या जातीला परका ठरत नाही. जीटीओला मूळ मानले तर पैसा आधी इंजिनावर खर्च होतो. या दुसऱ्या परंपरेचे टोक म्हणजे १९६८ ची प्लिमथ रोड रनर : पुढे बाकासारखी सलग सीट आणि पायाखाली गालिच्याऐवजी रबर. आजच्या गाडीतल्या कडक प्लॅस्टिककडे काणाडोळा करणारे परीक्षक तिचाच आधार घेतात. गाडी महाग झाल्यावर ही सवलत देणे योग्य नाही.

मोजमापासाठी एसएई या अमेरिकी अभियंता संस्थेचे ‘जे ८२६’ मानक प्रचलित आहे. माणसाच्या पाठीचा व मांड्यांचा आकार असलेला वजनदार सांगाडा सीटवर बसवून कमरेचा सांधा कुठे येतो ते ठरवतात. डोक्यावरची व पायांची जागा त्या बिंदूच्या आधाराने मोजतात. दोन तासांनी पाठ काय म्हणेल, हे मात्र या आकड्यांत येत नाही. त्यासाठी बसूनच पाहावे लागते. अमेरिकी सरकारी वर्गवारी केबिन व डिकी मिळून घनफूट मोजते. सु. ४.८ मी. लांबीची मस्टँग तीत ‘सबकॉम्पॅक्ट’ म्हणजे लहान गाडी ठरते, कारण लांबीचा मोठा वाटा बॉनेट खाते. डिकीतही फरक आहे : सहाव्या पिढीच्या कॅमॅरोत ९.१, त्याच काळातील मस्टँगमध्ये १३.५, चॅलेंजरमध्ये १६.२ घनफूट. मागच्या सीटवर प्रौढ माणसाने बसावे अशी तिघींत चॅलेंजर एकटीच.

साहित्य हातानेच कळते. डॅशबोर्डचा वरचा भाग बहुधा मऊ असतो, म्हणून बोट दाराच्या खालच्या भागावर आणि गुडघा टेकतो त्या मधल्या कडेवर दाबून पाहावे. काटकसर तिथे सापडते. २०१५ च्या मस्टँगमधील विमानासारख्या खटक्यांची रांग डोळ्यांत भरते, पण खटका दाबताना तो डगमगतो का, हे पाहणे महत्त्वाचे. सहाव्या पिढीच्या कॅमॅरोत एसीच्या जाळीभोवतीचे कडे फिरवूनच तापमान बदलते. बटण शोधावे लागत नाही, ही खरी सोय आहे. त्याच गाडीच्या खिडक्या इतक्या अरुंद आणि दारे इतकी उंच की बाहेरचे नीट दिसत नाही. चालकावर येणारा हा ताणही आरामाच्या हिशोबात धरला पाहिजे.

मस्टँगच्या सर्व आवृत्त्यांना मागे स्वतंत्र सस्पेन्शन २०१५ मध्ये आले; त्यापूर्वीच्या अखंड मागच्या आसामुळे एका चाकाखालचा खड्डा दुसऱ्या चाकालाही जाणवे. २०१८ पासून मिळणाऱ्या चुंबकीय शॉक ॲब्सॉर्बरमध्ये लोहकणांचे द्रव विजेने घट्ट वा सैल होते. आवाजाची पारख अधिक अवघड आहे : इकोबूस्ट (लहान, टर्बो इंजिनाच्या) मस्टँगमध्ये इंजिनाच्या आवाजाला स्पीकरची जोड दिली जाते.

भारतात मस्टँग २०१६ मध्ये आली, दिल्लीत एक्स-शोरूम ६५ लाख रुपयांना. कारखान्यातूनच उजव्या स्टिअरिंगची निघालेली मस्टँगची ही पहिली पिढी. चॅलेंजर कारखान्यातून तशी कधीच निघाली नाही.